थंडीत सायकलने कामावर जायचंय? गंज, अंधार, सराटे आणि मांजा यांची तयारी

महाराष्ट्रात थंडीत सायकल चालवणाऱ्याला बर्फाची काळजी नाही. पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास असतो, एखाद्या लाटेत 7-8 पर्यंत येतो, निफाडकडे त्याहूनही खाली जातो. आणि त्याच दिवशी दुपारी 28-30 अंशांचं ऊन असतं. एवढ्या गारठ्यानं सायकल अडत नाही. ती अडते पावसाळ्यानं आत सोडलेल्या गंजामुळे, सकाळ-संध्याकाळच्या अंधारामुळे आणि रस्त्यावर पडलेल्या काट्यांमुळे. बहुतेक जण तयारीची सुरुवात जॅकेट विकत घेण्यापासून करतात. इथे कपडे बरेच नंतर येतील.

दिवाळीच्या सुट्टीतली एक दुपार दिली तर सायकलीचं काम उरकतं. लागणारं सामान: 8 ते 15 नंबरचे पाने किंवा ॲलन कीचा संच, ग्रीसचा लहान डबा, चेनचं तेल, जुना टूथब्रश, सुती फडकी, मोजपट्टी आणि हवेचा दाब दाखवणारा पंप.

आधी पावसाळा बाहेर काढा

सीटची दांडी पूर्ण बाहेर ओढा. पण त्याआधी फ्रेमच्या तोंडापाशी दांडीला चिकटपट्टी लावून खूण करा, नाहीतर बसवताना उंची चुकते आणि दोन दिवसांत गुडघा बोलायला लागतो. दांडी निघाली की सायकल उलटी करून पाच मिनिटं ठेवा. पावसात बाहेर राहिलेल्या सायकलीच्या फ्रेममधून तांबूस पाणी निघणं नवलाचं नाही. हेच पाणी खाली पायडलच्या एक्सलपाशी साचून तिथले बेअरिंगचे छर्रे खातं. दांडी पुसून तिला ग्रीसचा पातळ हात द्या आणि खुणेवर परत बसवा. दांडी हलतच नसेल तर हातोडा मारू नका; सांध्यावर गंज सैल करणारं पातळ तेल (पेनिट्रेटिंग ऑइल) सोडून रात्रभर थांबा आणि दुसऱ्या दिवशी सीट पकडून डावीकडे-उजवीकडे पिळत काढा.

आता चाकं. चाक उचलून हातानं फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं फ्रेमवर टेकवा. छर्रे खराब असतील तर बोटांना खरखर जाणवते, आवाज येवो न येवो. मग रिम धरून चाक आडवं हलवून बघा. खडखड हललं तर कोन (एक्सलवरचा, छर्रे जागेवर दाबून धरणारा नट) सैल झाला आहे. खरखर असेल तर हब (चाकाचा मधला, एक्सलभोवतीचा भाग) खोलून छर्रे बदलायचे, नुसतं वरून तेल सोडायचं नाही. वरून सोडलेलं तेल आतलं ग्रीस पातळ करतं आणि महिन्याभरात हब कोरडा पडतो. बहुतेक सायकलींच्या मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना 1/4 इंची नऊ-नऊ आणि पुढच्या हबमध्ये 3/16 इंची दहा-दहा छर्रे असतात. एक जरी खराब निघाला तरी सगळे बदलायचे. जुने-नवे मिसळले तर भार सारखा बसत नाही. हे घरी करायचं नसेल तर दुकानात ओव्हरहॉलिंगला टाका, मात्र ‘हब खोलून, छर्रे बदलून’ असं स्पष्ट सांगा. ओव्हरहॉलिंगच्या नावाखाली नुसतं धुणं आणि तेल देणं सर्रास चालतं.

चेनवर थोडा जास्त वेळ घालवा. डिझेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशनं दोन्ही बाजूंनी घासा आणि फडक्यानं कोरडी होईपर्यंत पुसा. डिझेलचे शिंतोडे रिमवर किंवा डिस्कवर उडू देऊ नका. चेन स्वच्छ झाल्यावरच तिची झीज मोजता येते. टेपचं शून्य एका पिनेच्या मधोमध धरा आणि तिथून पुढची चोविसावी पिन कुठे येते ते बघा. नवी चेन बरोबर 12 इंच भरते. ती 1/16 इंचानं वाढली असेल तर चेन बदला. 1/8 इंच वाढली असेल तर मागच्या चाकावरचं दातेरी फ्रीव्हीलही (गिअरच्या सायकलीत कॅसेट) बदलावं लागतं, कारण त्याचे दाते झिजून जुन्या चेनच्या मापाचे झालेले असतात. त्यावर नवी चेन चढवली की सिग्नल सुटल्यावर पायडलवर उभं राहताच ती दात सोडते.

तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, चेनच्या आतल्या बाजूनं. चेन वीसेक फेरे उलटी फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेर दिसणारं सगळं तेल पुसून टाका. कामाचं तेल रोलरच्या आत असतं. बाहेरचं फक्त धूळ गोळा करतं. पावसाळ्यात चालणारं दाट तेल नोव्हेंबरपासून बंद करा. खणलेल्या रस्त्यांची बारीक माती त्यात बसून काळा लगदा होतो आणि तो कानशीसारखा चेन घासत राहतो. कोरड्या मोसमासाठी मिळणारं ‘ड्राय’ तेल चांगलं, ते नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल दर आठवड्याला. घरात हाताशी आहे म्हणून खोबरेल तेल घालणारेही असतात. ते 24 अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे जानेवारीच्या सकाळी चेनमध्ये अक्षरशः मेण भरलेलं असतं.

ब्रेक

ब्रेकचा लिव्हर दाबून सोडा. तो चटकन मागे यायला हवा. रेंगाळत येत असेल तर स्प्रिंगला दोष देऊ नका, आउटरच्या (वायरीवरच्या आवरणाच्या) आत वायर गंजली आहे. वायर आणि आउटर दोन्ही एकदम बदला. गंजलेल्या आउटरमध्ये नवी वायर फार दिवस टिकत नाही. आउटरचं कापलेलं टोक सपाट आणि मोकळं आहे ना ते बघा, चेपलेलं टोक वायर अडवतं. नवी वायर पहिल्या दोन-तीन दिवसांत ताणली जाते, तेव्हा अॅडजस्टरनं पुन्हा आवळा. पूर्ण जोर लावला तरी लिव्हर आणि हँडल यांच्यात दोन बोटं जागा राहायला हवी.

ब्रेकशू हातात घेऊन बघा. पावसाळ्यात त्यांच्या रबरात वाळूचे कण आणि रिमच्या धातूच्या कपच्या रुततात. टाचणीनं त्या काढा आणि पृष्ठभाग सँडपेपरवर घासून सपाट करा. मधल्या खाचा बुजल्या असतील तर शू नवे घ्या. शू रिमपासून 1 ते 2 मिमी लांब असावेत आणि टायरला कुठेही लागू नयेत; टायरला लागणारा शू आठवड्याभरात टायरची भिंत कापतो. काळ्या उंच सायकलीला दांडीचे ब्रेक असतात. तिथे सांध्या-सांध्यावर तेल द्या, शूजपासून ते दूर ठेवा.

रात्री उघड्यावर ठेवलेल्या सायकलीच्या रिमवर सकाळी दंव असतं. क्रोमच्या स्टील रिमवर ओले ब्रेक अगदीच कमी लागतात. सोसायटीच्या उतारावरून थेट मुख्य रस्त्यावर उतरण्याआधी रिमवरून फडकं फिरवा, किंवा फाटकापर्यंत दोन्ही ब्रेक हलके दाबत जा म्हणजे रिम वाळते.

हवा आणि काटे

गारठ्यानं टायरमधली हवा कमी होते, पण तितकी नाही जितकं लोक समजतात. दुपारी 28 अंशांना 60 पीएसआय भरलेल्या टायरमध्ये पहाटे 10 अंशांना साधारण 55-56 राहतात. त्याहून जास्त उतरली तर कारण दुसरं आहे: झिरपणारी ट्यूब किंवा व्हॉल्व्ह. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चढवलेली रबराची बारीक नळी दरवर्षी बदला. कोरड्या हवेत ती तडकते, आणि पंक्चर समजून ट्यूब उगाच खोलली जाते. दाब आठवड्यातून एकदा, सकाळीच तपासा. 700×32 ते 35 मापाच्या (माप टायरच्या भिंतीवर असतं) टायरला 70 किलोच्या माणसासाठी 55 ते 70 पीएसआय, 26×1.95 ला 40 ते 50. टायरच्या भिंतीवर लिहिलेला दाबाचा आकडा ही वरची मर्यादा समजा.

पंक्चरचा मोसम मात्र हाच. पावसाळ्यात रस्त्याकडेला वाढलेला सराटा वाळतो आणि त्याची टोकदार फळं डांबरावर येऊन पडतात. ती कशीही पडली तरी एक काटा वर असतोच. बाभळीचे काटे छाटलेल्या फांद्यांबरोबर येतात. रस्त्याच्या अगदी कडेनं, माती-पाचोळ्यातून चालवणं टाळा. कडेपासून 60-70 सेंमी आत राहिलात तर निम्मा त्रास संपतो आणि गाड्यांनाही तुम्ही नीट दिसता. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची जाड पट्टी काट्यांवर चांगला इलाज आहे, फक्त तिच्या कडा टोचऱ्या नसाव्यात, नाहीतर तीच ट्यूब घासून फोडते. ट्यूबमध्ये घालायचं सीलंट (मोठ्या चाकाला 60 ते 90 मिली) सराट्यासारखी बारीक भोकं बुजवतं, मोठ्या खिळ्यापुढे चालत नाही.

पंक्चर काढताना घाईत एक काम हमखास राहून जातं. ट्यूबवर चकती बसवण्याआधी टायरच्या आतून फडकं गोल फिरवा. जिथे फडकं अडकेल तिथे काट्याचं मोडकं टोक आहे, ते चिमट्यानं काढा. बोट फिरवू नका. आणि एक काटा सापडला म्हणून थांबू नका, सराट्याच्या फळाला टोकं बरीच असतात. सोल्यूशन लावल्यावर लगेच चकती चिकटवू नये. त्याची चकाकी जाईपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात त्याला दोन मिनिटं लागतात, गार सकाळी चार-पाच. ओल्या सोल्यूशनवर लावलेली चकती ऑफिसपर्यंत टिकते आणि संध्याकाळी सुटते.

अंधार

सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, पण सूर्योदय त्यानंतरही उशिरा होत जातो. पुण्यात तो जानेवारीच्या मध्यापासून आठवडाभर सव्वासातच्या अलीकडे, 7:10 च्या सुमारास असतो. संध्याकाळ उलट नोव्हेंबरअखेर सर्वांत लवकर येते, सहाच्या आत सूर्य मावळतो. नागपुरात सूर्योदय पंधराएक आणि सूर्यास्त पंचवीसेक मिनिटं अलीकडे धरा. तिथे साडेपाचलाच दिवेलागण होते. म्हणजे सकाळच्या सातच्या शाळेला किंवा पहिल्या पाळीला निघणारा संपूर्ण जानेवारी अंधारात जातो आणि साडेसहाला ऑफिसातून सुटणारा अंधारात परततो. उजाडतं सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. त्यापूर्वी निघत असाल तर पुढचा दिवा ‘मी दिसावं’ एवढाच नको, ‘मला दिसावं’ असा हवा.

पथदिवे असलेल्या रस्त्यावर 200 ते 400 ल्यूमेन (दिव्याच्या उजेडाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) पुरतात. दिवे नसलेल्या उपनगरी किंवा गावच्या रस्त्याला 500 च्या वर घ्या. ल्यूमेनपेक्षा दिव्याचा कोन महत्त्वाचा. सायकल भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा. दिवा जमिनीपासून 1 मीटर उंचीवर असेल तर भिंतीवरचा सर्वांत उजळ ठिपका 65 सेंमीच्या आसपास पडला पाहिजे. मग रस्त्यावर तो साधारण 14 मीटर पुढे पडतो, म्हणजे ताशी 20 किमी वेगाला अडीच सेकंद हातात असतात. ठिपका दिव्याच्या उंचीवर किंवा वर पडत असेल तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला खड्डा दिसत नाही. पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका. लुकलुकत्या उजेडात खड्ड्याचं अंतर कळत नाही, आणि धुक्यात तो उजेड परत तोंडावर येतो.

मागचा लाल दिवा सीटच्या दांडीला लावतात आणि वर जॅकेट किंवा पाठपिशवी लोंबते. कोणाला तरी सायकलवर बसवून दहा पावलं मागून बघा, दिवा दिसतो का. कॅरिअरवर सामान बांधत असाल तर दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला हवा. दोन दिवे असतील तर एक स्थिर आणि एक लुकलुकता: लुकलुकता लक्ष वेधतो, स्थिर अंतर सांगतो. सकाळी पूर्वेकडे जाणाऱ्यांनी मागचा दिवा उजाडल्यावरही चालू ठेवावा. थंडीत सूर्य खाली असतो, हवेत धूळ असते, आणि तुमच्या मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांतही तोच सूर्य असतो.

पोपटी किंवा नारिंगी जाकीट रात्री फारसं कामाचं नाही. तो रंग दिवसाच्या प्रकाशात झळकतो, पथदिव्याखाली विझतो. रात्री उपयोगी पडते ती रेडियमची पट्टी, आणि तीही हलणाऱ्या जागी लावली तर: पायडलच्या दोन्ही कडांना, बुटांच्या टाचेला, घोट्याभोवतीच्या पट्ट्याला. वर-खाली होणारे दोन ठिपके पाहिले की मागच्याला पुढे सायकल आहे हे लगेच कळतं. मडगार्डच्या शेपटाला लाल पट्टी लावा; बॅटरी संपली तरी ती असते.

10 अंशांना दिव्याच्या बॅटरीत फार फरक पडत नाही. दिवा बंद पडतो तो चार्जिंग विसरल्यामुळे. एक लहान, सेलवर चालणारा लाल दिवा पिशवीत कायम असू द्या.

कपडे

ताशी 20 किमीनं चालवताना 10 अंशांची हवा अंगाला 7 अंशांसारखी लागते. पण दहा मिनिटांत अंग तापतं. निघताना थोडं गार वाटत असेल तर कपडे बरोबर आहेत. फाटकातच ऊब वाटत असेल तर पहिल्या चढाला घाम फुटणार, आणि तोच घाम पुढच्या उतारावर गारठवणार. आत सुती बनियन नको, खेळाचा पातळ टीशर्ट. त्यावर वारा अडवणारी पातळ विंडचीटर. स्वेटर एकटा घातला तर वारा आरपार जातो. विंडचीटर नसेल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची चौपदरी घडी ठेवा. जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे, आणि पोचल्यावर टाकून देता येतो.

हात मात्र अंगाबरोबर तापत नाहीत. बधिर बोटांनी ब्रेक उशिरा दाबला जातो, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या, पण इतके जाड नकोत की लिव्हर जाणवणार नाही. दुकानातच सायकलच्या लिव्हरवर बोटं ठेवून बघा. डोक्याला माकडटोपी नको. तिच्यावर हेल्मेट घट्ट बसत नाही, आणि कान झाकल्यामुळे मागची गाडी ऐकू येत नाही. हेल्मेटखाली पातळ टोपी किंवा कानापर्यंत येणारी कापडी पट्टी घाला आणि त्यानुसार हेल्मेटच्या मागची घट्ट-सैल करायची चकरी व हनुवटीचा पट्टा पुन्हा जुळवा. मफलर, शाल, ओढणी यांची टोकं आत खोचलेली असू द्या. मागच्या चाकात ओढणी गेली की सोडवायला वेळ मिळत नाही.

गुडघे गार असताना जोर लावू नये. पहिली दहा मिनिटं हलका गिअर, गिअर नसेल तर हलका वेग. दम्याचा त्रास असेल तर नाका-तोंडावर पातळ कापड घ्या आणि इन्हेलर वरच्या खिशात ठेवा.

रस्त्यावर

थंडीच्या पहाटे हवा शुद्ध असते हा गैरसमज आहे. जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, त्यामुळे गाड्यांचा धूर आणि कचऱ्याच्या शेकोट्या तिथेच साचतात. वाटेत समांतर आतला रस्ता असेल तर एक-दोन किलोमीटर जास्त पडले तरी तो घ्या.

नदीकाठच्या आणि कालव्यालगतच्या सखल भागात धुकं जास्त असतं. वीस पावलांवरचा खांब दिसत नसेल तर अर्धा तास थांबलेलं बरं. ऊन वर आलं की ते विरतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर या पट्ट्यात याच दिवसांत गळीत हंगाम असतो. उसानं भरलेल्या ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना मागे दिवा असेलच असं नाही. अंधारात त्या शेवटच्या क्षणी दिसतात, म्हणून मागून येणाऱ्याइतकंच पुढे उभ्या असलेल्याकडे लक्ष हवं. रस्त्यावर पडून चाकांखाली चेपलेल्या उसावरून वळताना चाक सटकतं. तिथे हँडल सरळ ठेवा, ब्रेक दाबू नका.

डिसेंबरच्या शेवटापासून संक्रांतीनंतर आठवडाभर मांजाचा धोका असतो. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि तुटत नाही. उड्डाणपूल आणि मैदानालगतचे रस्ते या दिवसांत टाळा, नाहीतर वेग निम्म्यावर आणा. गळ्याभोवती जाड कापडी बफ (नळीसारखा गळपट्टा) घाला. त्यानं पूर्ण बचाव होत नाही, पण पहिला घाव कापडावर बसतो. गळ्याशी दोरा जाणवला तर हातानं ओढू नका, दोन्ही ब्रेक दाबून थांबा आणि मग मान मागे घ्या. घरी आल्यावर दोन्ही एक्सल बघा. चाकात गुंडाळलेला मांजा हबच्या रबरी कडेखाली शिरतो आणि ती कापतो. तो ब्लेडनं कापून चिमट्यानं काढायचा. ओढला तर आणखी आत जातो.

परतताना दुपारचं ऊन असेल तर विंडचीटर, हातमोजे, टोपी हे सगळं कुठेतरी ठेवावं लागतं. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यानं कॅरिअरवर बांधा, पण पट्ट्याचं सुटं टोक गाठ मारून वर खोचा. लोखंडी हुकाचं इलॅस्टिक वापरत असाल तर हुक आतल्या बाजूला वळवा. खड्ड्यात उसळून सुटलेला हुक मागच्या चाकाच्या आऱ्यांत जातो.

रात्री सायकल उघड्यावर ठेवायची असेल तर घट्ट प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत दमटपणा साचून चेन पुन्हा गंजते. वरून सीट आणि हँडल झाकेल एवढं कापड पुरे. मागचा दिवा काढून जेवणाआधी चार्जिंगला लावा.